बाकांचा ठराव

सुकेशनी सव्वासातलाच मुख्याध्यापकांच्या खोलीत आली आणि मागचं दार लोटून उभी राहिली, तेव्हाच धम्मशीलाबाईंनी ओळखलं की सिद्धोधन फिरला.

तसं ओळखण्यासारखंच होतं. गेल्या उन्हाळ्यापासून ही भावजय या खोलीत फक्त मस्टरवर सही करायला यायची. सही करायची, पेन जागेवर ठेवायची आणि जायची. आज पेनाला हातही न लावता ती उभी होती.

"अक्का, तुमचे भाऊ काल सांजच्याला तात्यांकडं गेल्ते," ती म्हणाली. "दोन घंटे बसले."

"आन् मग?"

"मंग काय! घरी आले ते तीन मजल्याचंच बोलायलेत. जुन्या खोल्या पाडायच्या, समोरून काचा लावायच्या. तुमच्या ठरावावर तात्या सही देत न्हाईत, हे पक्कं धरा."

धम्मशीलाबाईंनी चष्मा काढून पदराच्या टोकानं पुसला. बाहेर शनिवारच्या सकाळच्या शाळेची घंटा झाली. चारशे पोरांची प्रार्थना सुरू झाली आणि दोघी नणंद-भावजया ती संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

लोणखेड्याची ही शाळा त्यांच्या वडिलांनी, किशन वाव्हळे मास्तरांनी काढली, त्याला पन्नास वर्षं केव्हाच उलटून गेली होती. एका रांगेत दहा खोल्या, पुढे व्हरांडा, मध्ये अंगण. मास्तर गेले, पण त्यांनी घालून दिलेला एक नियम अजून कुणी मोडला नव्हता. शाळेच्या इमारतीचा ठराव एकमतानंच व्हायचा. संस्थेच्या पाच सभासदांतल्या एकानंही सही रोखली तरी वीट हलायची नाही. त्या पाचांत मास्तरांचे धाकटे भाऊ सटवाजीतात्या अध्यक्ष होते, धाकटा मुलगा सिद्धोधन सचिव, धम्मशीलाबाई मुख्याध्यापिका, सुकेशनी शिक्षकांची प्रतिनिधी आणि गावातले महारुद्र शिंदे जुन्या विद्यार्थ्यांच्या वतीनं.

ठराव आजच व्हायला हवा होता. आज झाला तर उन्हाळ्याच्या सुटीत काम निघणार होतं. नाही तर गोष्ट पुढच्या सालावर, आणि एकतीस मेला धम्मशीलाबाई निवृत्त होणार होत्या.

"सुकेशनी," त्या म्हणाल्या, "तू मला हे कशाला सांगायलीस?"

सुकेशनीनं आता पेन उचललं, मस्टरवर सही केली.

"शाळेसाठी सांगायले, अक्का. तुमच्यासाठी न्हाई," ती म्हणाली आणि पहिलीच्या वर्गाकडे निघून गेली.

ते वाक्य लागायचं तिथं लागलं. गेल्या एप्रिलात याच सुकेशनीनं आपल्या वर्गातले बाक भिंतीकडे सारले होते आणि पोरांना चार-चारच्या घोळक्यानं बसवलं होतं. कुणी चिंचोके मोजायचं, कुणी वाचायचं, कुणी शेजारच्याला समजावून सांगायचं. धम्मशीलाबाईंनी सगळ्या शिक्षकांदेखत तिला विचारलं होतं, "हा वर्ग हाय का पंगत?" बाक पुन्हा जागेवर आले. मग तीन महिन्यांनी त्या शिक्षकांसोबत दुसऱ्या जिल्ह्यातली एक शाळा पाहायला गेल्या. तिथं पोरं अशीच बसलेली. खोल्यांच्या मधल्या भिंती सरकत्या, फळे पोरांच्या उंचीचे, टेबलं हवी तशी जोडायची नि सोडायची. त्या भारावून परत आल्या आणि सभेत ती सगळी योजना मांडली. आपली म्हणून मांडली. सुकेशनी तेव्हा एक अक्षर बोलली नव्हती, आणि तेच जास्त बोचत राहिलं होतं.

*

दहा वाजता ग्रंथालयाच्या खोलीत सगळे जमले. पोरं अकराला सुटणार होती, पण मार्चातलं ऊन तापायच्या आत तात्यांना घरी पोचवायचं म्हणून बैठक आधीच घेतली होती.

महारुद्र शिंद्यांच्या मोटारसायकलवरून तात्या आले. वय ब्याऐंशी, पांढरी पँट, पांढरा सदरा, पूर्णेच्या रेल्वेत तीस वर्षं सुतारकी केलेले हात अजून रुंद. आत आल्यावर त्यांनी खुर्ची नाकारली आणि भिंतीकडेच्या एका बाकावर बसले. शाळेतला एकूण एक बाक त्यांचाच होता. रेल्वेची ड्युटी संपली की रविवारी यायचं आणि बाभळीच्या फळ्या रंधून बाक जोडायचे, असं त्यांनी सात वर्षं केलं होतं.

मधल्या टेबलावर अर्पितानं पुठ्ठ्याची शाळा मांडली. सिद्धोधनची ही थोरली लेक. छत्रपती संभाजीनगरात शिकून वास्तुरचनाकार झालेली. आराखडा तिचा होता.

"आजोबा, ही तुमची चार आणि पाच नंबरची खोली," तिनं मधली पुठ्ठ्याची भिंत बोटानं दुमडली. "गरज पडली की एक, नको तेव्हा दोन. खिडक्या खाली आणल्यात, पोरांना बाहेरचं दिसावं म्हणून. फळे तीन भिंतींवर. जड बाक काढायचे, हलकी टेबलं आणि सतरंज्या घालायच्या. व्हरांडा रुंद केलाय. एक वर्ग तिथं बसेल. एक लिंबाखाली, पत्र्याच्या सावलीत."

तात्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी धम्मशीलाबाईंकडे पाहिलं.

"म्हंजी लेकरं भुईवर बसवायचे?"

"कधी भुईवर, कधी टेबलाला, तात्या. काम असंल तसं."

"आन् काही भाईर."

"हां. पण भाईर म्हणजे..."

"झालं," तात्या म्हणाले. "सिद्धू, तुझं सांग."

सिद्धोधन उठला. तो उभा राहिला की वडिलांसारखा दिसायचा, आणि त्याला ते ठाऊक होतं.

"अक्का, राग मानू नको. दिवाळीत मी हो मनलं व्हतं, कबूल. पण बाहेर काय चाललंय बघ की. ताडकळसला इंग्रजी शाळा निघाली, तीन मजली. आपले बारा लेकरं तिकडं गेले. लोकांना बिल्डिंग दिसाय पायजे. आन् आपण काय करायलाव? बाक काढायलाव, भिंती काढायलाव! लोक म्हणतील, वाव्हळ्याच्या शाळेची पडवी झाली. मी म्हणतो, रीतसर तीन मजले उचलू. माजी विद्यार्थी पाठीशी हायेत, त्याची चिंता न्हाई."

"त्या तीन मजल्यात पोरं कशी बसतील, पप्पा?" अर्पितानं विचारलं.

"कशी म्हंजी? बाकावर."

"मग बदललं काय?"

"अर्पिता, तू थांब जरा," सिद्धोधन म्हणाला. लेकीचा चेहरा उतरला. धम्मशीलाबाईंना दिसलं, की वहीवर काहीतरी खरडणारी सुकेशनी त्या शब्दासरशी थांबली आणि तिनं नवऱ्याकडे सरळ पाहिलं.

महारुद्र शिंदे घसा खाकरून म्हणाले, "माझं काय, मी अक्काच्या बाजूनं. पण तात्याच्या पुढं मी जात न्हाई."

म्हणजे गाठ तात्यांशीच होती. धम्मशीलाबाईंनी घरून मुद्दे लिहून आणले होते, दोन पानं भरून. छत्तीस वर्षं त्यांनी पालकांना, साहेबांना, गावाला गप्प केलं होतं, आणि आजही करू याची त्यांना शंका नव्हती. त्यांनी पहिलं पान उघडलं.

"ते कागद ठेव, धम्मा," तात्या म्हणाले. "आधी माझं ऐक. मंग तुझं."

त्यांनी बाकाच्या कडेवरून हात फिरवला.

"निजामाचं राज्य जाऊन दोन वर्सं झाल्ती. मी सात वर्साचा आसंन. तुझ्या बापानं मला गावच्या जुन्या शाळंत नेलं. मास्तर मनला, शिकू दे की, पण आत न्हाई. दाराभाईर दगडाची पायरी व्हती, तिच्यावर बसायचं. आतले पोरं चटईवर, आमी दोघंतिघं पायरीवर. फळा दिसायचा न्हाई, नुस्तं ऐकू यायचं. पाटी तपासायला मास्तर भाईर यायचा न्हाई. लांबूनच बघून एखाद्या पोराच्या तोंडी सांगायचा, बरुबर का चूक. उन्हाळ्यात पायरी अशी तापायची की आमी टाचंवर बसायचो."

शेजारच्या वर्गातून पाढे ऐकू येत होते.

"किशनदादा मनला, आपली शाळा काढू. मी मनलं, काढ, पर माझ्या शाळंत एकबी लेकरू भुईवर बसणार न्हाई. भाईर तर बिल्कुल न्हाई. भिंतीच्या आत, छपराखाली, बाकावर. सगळ्यांला सारखा बाक, सारख्या उंचीचा. म्या सव्वादोनशे बाक केले, धम्मा. एकाचंबी माप वेगळं न्हाई. आन् आता तू ते उचलून लेकरं परत भाईर नेऊन बसवायलीस. नवं शिक्षण मनायलीस त्याला."

धम्मशीलाबाईंच्या हातातले कागद तसेच राहिले. पायरीची गोष्ट त्यांनी लहानपणी ऐकली होती. घरात सगळ्यांनीच ऐकली होती. पण व्हरांड्यातला वर्ग आखताना, लिंबाखालची बैठक ठरवताना ती त्यांना एकदाही आठवली नव्हती, आणि सहा महिन्यांत त्या तात्यांकडे एकदाही आराखडा घेऊन गेल्या नव्हत्या. सही करतीलच, असं धरून चालल्या होत्या. आपली चूक त्यांना लख्ख दिसली.

"तात्या, मी तुमाला आधी इचाराय पायजे व्हतं," त्या म्हणाल्या. "न्हाई इचारलं. चुकलं माझं."

"मग मिटलं तर," सिद्धोधननं प्रोसिडिंगची वही पुढे ओढली.

"न्हाई मिटलं," धम्मशीलाबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण वही थांबली. "चूक माझी न इचारण्याची हाय, योजनेची न्हाई. तात्या, तुमी मला पायरी सांगितली. आता मी तुमाला एक दाखवते. दहा मिनिटं माझ्यासंगं वर्गात चला. ते बघून तुमी न्हाई मनलात, तर तो ठराव मी माझ्या हातानं फाडते."

"काय दाखवतीस?"

"तुमचेच बाक. पण शेवटचे."

*

चार नंबरच्या खोलीत सहावीचा वर्ग होता. सगळे उठून उभे राहिले, तात्यांनी हातानं बसवलं. मधल्या वाटेनं ते हळूहळू मागे गेले. धम्मशीलाबाई दारातच थांबल्या. मुद्दाम थांबल्या. आपण काही बोललो तर ते दाखवणं होईल, आणि तात्यांना दाखवलेलं आवडत नाही.

मागच्या बाकावर दोन मुली आणि एक मुलगा. उन्हानं रापलेले चेहरे.

"नाव काय गं?" तात्यांनी विचारलं.

मुलीनं नाव सांगितलं, इतक्या हळू की त्यांना वाकावं लागलं.

"हितं कधीपून बसतीस?"

"कारखान्याहून आल्यापून. पंधरा दिवस झाले."

"ऊसतोडीला गेल्ता काय?"

"व्हय. दिवाळीच्या आधी गेल्तो."

"फळा दिसतो का?"

शेजारचा मुलगा म्हणाला, "दिसतो, पण काय लिव्हलंय ते समजत न्हाई. आमी नव्हतो ना तवा."

"मंग पुढं कामून बसत न्हाई? हितं कुणी बसवलं तुमाला?"

"कुणीच न्हाई," मुलगी म्हणाली. "हीच जागा राहती."

तात्या सरळ उभे राहिले. त्यांनी पुढच्या बाकांकडे पाहिलं, मग पुन्हा मागे. मग बाहेर आले आणि पाच नंबरच्या खोलीत गेले. तिथल्या शेवटच्या बाकावर मात्र चार दांडगी पोरं मजेत बसली होती. त्यातला एक सरपंचाचा पुतण्या. त्यांना विचारल्यावर ती खिदळली. "इथून सर दिसत न्हाईत, आजोबा!" तात्यांनाही हसू आलं. पण सातवीत पुन्हा तेच. कालव्यावरच्या वस्तीतले दोघं आणि कारखान्याहून परतलेली तिघं. आठवीत एक मुलगी एकटीच होती, दोन बाक सोडून मागे. तात्यांनी तिला काही विचारलं नाही. तिच्या बाकाचा एक पाय हलत होता. त्यांनी खाली वाकून तो पाहिला, खिशातल्या कागदाची घडी करून खाली सरकवली आणि बाहेर आले.

व्हरांड्यात धम्मशीलाबाई त्यांच्या बरोबरीनं चालू लागल्या.

"तात्या, तुमी पायरी मोडली, ही खरी गोष्ट हाय. तुमी आन् माझ्या बापानं मोडली म्हणून मी आज हितं उभी हाय. पण ती गेली न्हाई. ती आत आली. शेवटच्या बाकावर जाऊन बसली. छत्तीस वर्सं मी बघायले. बाकांची रांग लागली की कुणीतरी मागं जाणारच. जी लेकरं चार महिने कारखान्यावर असत्यात, त्यांच्यासाठी वर्ग थांबत न्हाई. पुढं कसं घेऊ त्यांना? एका रांगेत, एका फळ्याकडं तोंड करून न्हाई घेता येत. ज्याला जिथून सुरू करायचंय तिथून सुरू करता यावं, इतकंच हवंय मला. त्यासाठी जागा हलती पायजे."

तात्या नळाशी थांबले. ओंजळीनं पाणी प्याले, तोंड पुसलं.

"ती पोरगी मनली, हीच जागा राहती," ते म्हणाले. "आमीबी असंच मनायचो. तुला कुणी बसवलं आसं कुणी इचारलं, की मनायचो, कुणी न्हाई."

*

खोलीत परत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा पुठ्ठ्याची शाळा जवळ ओढली.

"अर्पिता, व्हरांडा आन् खोलीची फरशी सारखी हाय का?"

"नाही आजोबा. मध्ये एक पायरी आहे. सहा इंचाची."

"ती काढ. आत आन् भाईर एक पातळी. कुठं आत संपलं आन् कुठं भाईर सुरू झालं, लेकराला कळायच न्हाई पायजे."

"काढते," अर्पिता म्हणाली. पेन्सिल केव्हाच चालू झाली होती. "उतार देते, पाणी आत येणार नाही असा. कुणाला चालता येत नसेल, त्यालाही सोयीचं."

"दुसरं. भुईवर लेकरू बसंल, तर मास्तर बी भुईवर. मास्तर खुर्चीवर आन् लेकरू खाली, हे मला चालायचं न्हाई. तिसरं. त्या लिंबाखाली कुणाला धाडायचं न्हाई. ज्याला जायचंय तो जाईल. शिक्षा मनून कुणी भाईर गेला, आसं ज्या दिवशी मी ऐकंल, त्या दिवशी मी येऊन पत्रा उतरवीन."

"कबूल," धम्मशीलाबाई म्हणाल्या.

"आन् माझे बाक भंगारात घालायचे न्हाईत. लाकूड अजून लोखंडावानी हाय. त्याचेच टेबलं करू, बुटके, हलके. कापायचं कसं ते मी सांगतो. मी सही देतो, धम्मा."

महारुद्र शिंद्यांनी मांडीवर थाप मारली. पण सिद्धोधननं वही उघडली नव्हती. तो खिडकीतून अंगणाकडे पाहत होता, आणि कान लाल झाले होते. धम्मशीलाबाईंना तो एकदम दहा वर्षांचा वाटला. पतंग काटला गेला की असाच उभा राहायचा.

"म्हंजी मी एकटाच वेडा," तो म्हणाला. "काल तात्या माझ्या बाजूनं, आज अक्काच्या. उद्या गावानं तोंडात शेण घातलं तर माझ्याच घालणार. सचिव मी हाय. बारा लेकरं गेले, उद्या पन्नास जातील. सही न्हाई करत मी."

"सिद्धू," तात्या म्हणाले, "तुला मजले पायजेत ना? दहा वर्सांनी चढव. पाया दमदार हाय."

"प्रश्न मजल्याचा न्हाई, तात्या."

"मग कशाचा हाय?" हा आवाज सुकेशनीचा होता.

सगळ्यांनी मान वळवली. घरच्या बैठकीत, नवऱ्यासमोर, ती कधी बोलत नसे.

"त्या बारा लेकरांच्या घरी तुमी गेल्ते का?" तिनं विचारलं. "मी गेल्ते. बाराच्या बारा घरी. बिल्डिंगसाठी दोघंच गेले. बाकीचे म्हणाले, बाई, आमच्या पोराला चौथीत वाचाय येत न्हाई. ते माझ्याच हाताखालून गेलेले पोरं व्हते. मान खाली घालून ऐकलं मी. तुमी काच लावा नाही तर संगमरवर लावा, वाचता आलं न्हाई तर पोरगं जाणारच."

सिद्धोधन बायकोकडे पाहत राहिला.

"तू मला कधी सांगितलं न्हाईस."

"तुमी कधी इचारलं?"

पाढे थांबले होते. अर्पिताची पेन्सिल कागदावर फिरताना ऐकू येत होती. धम्मशीलाबाईंना वाटलं, आता आपण काहीतरी बोलायला हवं. काय ते त्यांना नक्की माहीत होतं. शब्द सोपे होते, बोलणं कठीण होतं.

सिद्धोधननं अखेर वही उघडली. पेनाचं टोपण काढलं, आणि रागाला कुठंतरी वाट द्यायची म्हणून सचिवाच्या कोरड्या आवाजात विचारलं, "सूचक कोण? धम्मशीला किशनराव वाव्हळे, असंच लिहू ना?"

"न्हाई," धम्मशीलाबाई म्हणाल्या. "सूचक सुकेशनी सिद्धोधन वाव्हळे."

पेन हवेत राहिलं.

"ही कल्पना तिची हाय," त्या म्हणाल्या. आता त्या सगळ्यांकडे पाहून बोलत होत्या, गेल्या एप्रिलात बोलल्या होत्या तशाच खणखणीत आवाजात. "गेल्या साली तिनं पहिलीच्या वर्गात हे आधी केलं. मी चारचौघांत तिचा पाणउतारा केला आन् बाक परत लावायला लावले. नंतर लांब जाऊन तेच बघून आले, आन् माझं म्हणून तुमाला सांगितलं. तुमी टाळ्या वाजवल्या, त्या मी घेतल्या. त्या तिच्या व्हत्या. अनुमोदक म्हणून माझं नाव लिही."

सुकेशनीनं मान वर केली नाही. पदराशी चाळा करत ती फक्त म्हणाली, "वर्ग पंगतीसारखा दिसत व्हता, हे खरंच व्हतं, अक्का."

"मग काय झालं? पंगतीत उपाशी कुणी उठत न्हाई," महारुद्र शिंदे म्हणाले.

तात्या आधी हसले. मग अर्पिता. सिद्धोधनला हसायचं नव्हतं, पण ओठांचं त्याला ऐकावं लागलं. त्यानं वही सरळ केली आणि लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा, संस्थेच्या प्रोसिडिंगमध्ये, आपल्या वळणदार अक्षरात बायकोचं पूर्ण नाव लिहिलं. लिहून झाल्यावर ते एकदा वाचलं. खाली तात्यांची सही झाली, मग इतरांची. शेवटची त्याची. ती करून तो पेन बंद करता करता म्हणाला, "गेट मात्र मी माझ्या मनासारखं करणार."

"कर की," धम्मशीलाबाई म्हणाल्या. "काचेचं कर."

*

सुटी लागली तशी कामं निघाली. चार-पाचची भिंत दोन दिवसांत उतरली. आतली वीट इतकी पक्की निघाली की गवंडी म्हणाला, मास्तरांनी शाळा बांधली की किल्ला? अर्पिता रोज सकाळी डोक्याला रुमाल बांधून पातळी तपासत फिरायची. तात्या अंगणात लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे. हातात करवत धरण्याची ताकद आता राहिली नव्हती, म्हणून खडूनं रेघ मारून द्यायचे, आणि सुतारांचा हात अर्धा इंच चुकला तरी लांबून ओरडायचे. एका रविवारी सिद्धोधननं सदऱ्याच्या बाह्या सारून करवत घेतली. पहिला बाक त्यानं तिरपा कापला. तात्या म्हणाले, "तुझ्या बापालाबी हे येत नव्हतं," आणि त्याला दुसरा दिला.

एकतीस मेला निरोपाचा कार्यक्रम झाला. भाषणं झाली. धम्मशीलाबाई रडतील असं सगळ्यांना वाटत होतं. त्या रडल्या नाहीत. किल्ल्या सुकेशनीच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "आठ नंबरचं कुलूप अडतं. तेल घाल."

शाळा उघडायच्या दिवशी जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. जुना मुख्याध्यापक दारात उभा राहिला की नव्याला सुचत नाही, हे त्यांनी इतरांच्या बाबतीत पाहिलं होतं. पण जूनच्या सोळा तारखेला सकाळी सुकेशनीनं स्वतः फोन केला. "अक्का, या. पाहुण्या म्हणून या. बोलायचं न्हाई, नुस्तं बसायचं."

पहिलीच्या वर्गात दार कुठं आणि व्हरांडा कुठं हे कळेनासं झालं होतं. फरशी सलग. बुटकी टेबलं, काही जोडलेली, काही सुटी. सतरंज्या, चौरंगासारखी स्टुलं, हाताला येतील असे फळे. मुख्याध्यापिका झाली तरी सुकेशनीनं पहिलीचा वर्ग सोडला नव्हता. धम्मशीलाबाई कोपऱ्यात एका स्टुलावर टेकल्या. स्टूल जरा बुटकं होतं, गुडघे वर आले. त्यांना त्याची मजा वाटली.

आई-बाप पोरांना सोडून जात होते. कालव्यावरच्या वस्तीतला एक माणूस मुलीचा हात धरून बाहेरच थांबला होता. मुलगी नव्या फ्रॉकमध्ये, केस तेलानं चापून बसवलेले.

"बाई, हिला कुठं बसवू?" त्यानं विचारलं. "मागं बसली तरी चालंल. तिला सवय हाय, ती कुठंबी बसती."

"मला काय इचारता?" सुकेशनी म्हणाली. "तिला इचारा की."

बापाला ते कळलं नाही. मुलीला कळलं. तिनं हात सोडवून घेतला आणि आत आली. एका टेबलाला हात लावून पाहिला, दुसऱ्यावर वाकून वास घेतला. सतरंजीवर बसली, उठली. खिडकीतून बाहेर पाहिलं. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता आणि तिला त्याचं काही नव्हतं. मग तिला ती दिसली. खोलीतली एकुलती एक खुर्ची, सुकेशनीची. ती सरळ गेली, दोन्ही हातांनी रेटा देऊन वर चढली आणि पाय लोंबकळत बसली.

"अगं ए! बाईची हाय ती!" बाप दारातून ओरडला. आत यावं की नाही, त्याला सुचेना.

धम्मशीलाबाई अर्ध्या उठल्या. छत्तीस वर्षांची सवय होती. मग आपण पाहुण्या आहोत हे आठवून परत बसल्या.

सुकेशनीनं खुर्चीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. एक स्टूल पायानं ओढून तिच्या शेजारी घेतलं, त्यावर बसली आणि हजेरीची वही मांडीवर उघडली. आता तिला मुलीकडे मान वर करून पाहावं लागत होतं.

"नाव काय तुझं?"

"निकिता गोविंद पवार," मुलगी म्हणाली. आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. दारातला बाप नकळत ताठ उभा राहिला. तिनं एकदा सगळ्या वर्गावरून नजर फिरवली, हातांची घडी घातली आणि खाली सुकेशनीला सांगितलं, "करा आता सुरू."

आणि सुकेशनीनं सुरू केलं.